भिंतीला गाल लावणारी

डोक्यावरचं घमेलं उतरवायचं, पदराने तोंड पुसायचं आणि भिंतीला गाल लावून, डोळे मिटून क्षणभर उभं राहायचं, ही तिची सवय. मग "ओली हाय" किंवा "कोरडी हाय", एवढंच म्हणायची आणि पुन्हा घमेलं उचलायची. साइटवरचे सगळे हसायचे. मीही हसायचो. आधीच सांगून टाकतो, पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला नंबर माझा आहे.

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बाया. नव्वदच्या सुमाराला पनवेलात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीखाली अशा दहा-बारा जणी खडी वाहत होत्या. आपल्याला इमारत दिसते, बाई दिसत नाही. ही डोंगराकडच्या वाडीवरची, पन्नाशीची, काटकुळी. कधी वीटभट्टी, कधी बांधकाम. तिचा बाप दगडाचे बांध रचायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्याच्या हाताखाली ती सगळं शिकलेली. पण बाईला गवंडी कोण म्हणणार? म्हणून डोक्यावर घमेलं. सगळे तिला मावशी म्हणायचे. मी नवा डिप्लोमावाला सुपरवायझर, त्यामुळे मी "ए मावशी" म्हणायचो.

आमच्या प्लॉटच्या मागे टेकडीची माती अडवून धरणारी काळ्या दगडांची जुनी भिंत होती. तिच्या सांध्यांत बोटभर उंचीचा नेचा उगवलेला. केसासारखी काळी दांडी आणि इवली इवली पानं. असल्या पाल्याकडे लक्ष कोण देतो! पण मावशीने एकदा भर मे महिन्यात, टळटळीत उन्हात, मला त्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं.

"सायब, टेकडीवर काय हिरवं दिसतंय?"

"काही नाही. सगळं करपलंय."

"आता हिकडं बघा."

भिंतीच्या पायाशी ओळीने सात भोकं होती आणि त्या सातही भोकांभोवती नेचा हिरवागार होता.

"पावसात काय, कुटं पन उगवतोय तो. वैशाखात हिरवा हाय ना, मंग मागं पानी हाय. जुन्या लोकांनी भोकं उगाच नाय ठेवली. भिंतीला पन मुतायला जागा लागते, सायब. अडवून धरलंत तं मानूस तरी उबा राहील काय?"

मी लाजलो. ती मात्र पोट धरून हसली. जाता-येता त्या नेच्यावरून ती बोट फिरवायची, कोंबडीच्या पिलाच्या पाठीवरून फिरवावं तसं.

जूनच्या सुरुवातीला पहिल्या इमारतीचा ताबा द्यायचा समारंभ ठरला. आमचा शेठ गॅलरीत उभा राहून ओरडला, "अरे, हे मागे जंगल काय माजवलंय? लोक काय म्हणतील? घासून काढ सगळं. गिलावा मार, पांढरी कर भिंत!"

मावशीने भिंत खरवडली, पण भोकांभोवतीचा नेचा तेवढा ठेवला. शेठ भडकला. "हा कुणासाठी ठेवलाय? बकऱ्यांसाठी?" तिने मला सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं, मुतायच्या जागेसकट. शेठ माझ्याकडे वळला. "काय रे इंजिनियर, आता ही तुला शिकवणार?"

भिंतीला भोकं का ठेवतात हे मी दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. परीक्षेत त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते, गाढवाने! आणि त्या दिवशी शेठसमोर मी फिदीफिदी हसलो.

"सायब, तुमी तरी बोला ना," मावशी म्हणाली.

"सिमेंटचा माल कालव, मावशी," मी म्हणालो.

"ह्या भोकांना मी माल नाय देनार." ती जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसली. माल दुसऱ्यांनी दिला. सातही भोकं बुजली, भिंत पांढरी झाली, समारंभात पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले.

पावसाचं पाणी मागे तुंबून जुलैत भिंतीला पोट आलं. तिच्या खालीच मजुरांची पाच खोपटी होती. मावशी रोज गाल लावायची, पण आता काही बोलत नव्हती, नुसती खोपट्यांकडे बघायची. एका सकाळी कामाच्या आधीच येऊन तिने पहारीने तीन भोकं फोडली. गढूळ पाण्याची धार हातभर लांब उडाली. तेवढ्यात शेठ आला आणि त्याने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. "अजून चार हायत! ती तरी फोडा!" ती ओरडत होती. मग ती पाचही खोपट्यांत शिरली, बायकांना शिव्या घातल्या, हाताला धरून ओढलं, बिऱ्हाडं उचलायला लावली आणि मगच गेली.

शेठने ती तीन भोकं पुन्हा बुजवायला सांगितली. बुजवली. कुणी म्हणून काय विचारता, मीच बुजवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंत कोसळली. पाचही खोपटी दगडांखाली गेली. आत माणूस एकही नव्हता.

संध्याकाळी शेठने माझ्यापुढे कागद सरकवला. "लिही. कामावरून काढलेल्या मजूर बाईने रागाच्या भरात पहार घालून भिंत खिळखिळी केली." माझं अक्षर चांगलं. लिहिलं.

अशी गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? मजूर नाक्यावर ती दिसली की मुकादम म्हणायचे, "ही भिंत पाडणारी बाई. नको रे बाबा!" भट्टीवाल्यानेही तिला उभं केलं नाही. दगडावर दगड ठेवत लहानाची मोठी झालेली बाई, आणि तिला हे नाव! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एकदा ती माझ्या घरी आली. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली. "सायब, मुकादमांना येवढंच सांगा. मी भोकं फोडली, भिंत नाय पाडली. तुमचं आयकतील ते."

"बघतो, मावशी," मी म्हणालो. आपल्या मराठीत याहून नीच शब्द मला तरी माहीत नाही. शिवीसुद्धा तोंडावर दिलेली असते. मी काहीएक बघितलं नाही.

नवी भिंत काँक्रीटची झाली, माझ्याच देखरेखीखाली. तिला भोकं ठेवली नाहीत. का, तर ठेवली असती तर आधीची कशाने पडली ते कबूल केल्यासारखं झालं असतं. शेठने हे मला हसत हसत समजावलं आणि मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मला दुसरी नोकरी लागली आणि मग माझ्यात एकदम धैर्य संचारलं. म्हटलं, आता जाऊन तिची माफी मागू. वाडीवर कळलं की ती करंजाला मासळी वाळवायच्या कामावर गेली आहे. एसटी धरून गेलो. बंदराजवळच्या मोकळ्या जागेत ती ओणवी होऊन जवळा पसरत होती. मी सगळं ओकलो. कागद मी लिहिला, भोकं मी बुजवली, सगळं. रडलोसुद्धा. तिचे हात चालूच होते.

"नवी भिंत बांदली?" तिने विचारलं.

"बांधली."

"भोकं ठेवली?"

"नाही."

"खाली कोन राहतंय?"

"नवे मजूर आलेत. सहा-सात बिऱ्हाडं आहेत."

तिचे हात थांबले. माझ्यावर चिडलेली मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"आनि तुमी हितं काय करताय? पाऊस तोंडावर आलाय! माझ्यापुढं रडून ती भिंत उबी राहनार हाय काय? जा! आदी त्यांना उटवा!"

बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी उलट्या पावली निघालो.

बिऱ्हाडं उठवली. शेठच्या माणसांनी माझी गचांडी धरली, तरी उठवली. मग नाक्यावर उभं राहून मुकादमांना चारचौघांत सांगितलं, की तो कागद मी लिहिला आणि खोटा लिहिला, त्या बाईने भिंत पाडली नाही, पाच घरांतली माणसं वाचवली. दोघे-तिघे मुकादम खाली बघायला लागले. एक जण म्हणाला, "पाठवा तिला. काम देतो."

एवढं तिला सांगायला आठवड्याने पुन्हा करंजाला गेलो. तिच्या जागी दुसरी बाई जवळा गोळा करत होती. "ती व्हय? गेली ती," मान वर न करता ती म्हणाली. "कुटं ते आमाला नाय सांगितलं."