उजव्या खांद्यावरची शाल

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते म्हैसूरच्या हॉस्टेलमधल्या माझ्या खोलीसोबत्याचे. हिमालयातल्या एका छोट्या, राजा असलेल्या देशातून तो शिष्यवृत्तीवर आला होता. मी पिरियापट्टणचा, कन्नड शाळेत शिकलेला, कापडावर ठसे मारणाऱ्या रंगाऱ्याचा मुलगा. इंग्रजीच्या धास्तीने बी.ए. सोडायला निघालो होतो. वर्षभर रोज संध्याकाळी त्याने मला इंग्रजी शिकवलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

सुट्टीत तो आमच्याकडे यायचा आणि हिरव्या मिरच्या भाजीसारख्या खायचा. आई म्हणायची, "अय्यो, ह्याला पोसायचं तर मिरचीचं शेतच घ्यायला पाहिजे."

मायदेशी तो शाळा तपासनीस झाला, मग सचिव, शेवटी शिक्षणमंत्री. त्यानेच मला पाठ्यपुस्तकांच्या कामावर बोलावून घेतलं. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणे, तो मला मास्तर.

तिथे दरबारी शाल डाव्या खांद्यावरूनच घेतात. तिसरीच्या पुस्तकाच्या कच्च्या छपाईत राजाचं चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटलं होतं. शाल उजव्या खांद्यावर. ठसा उलटा कोरतात हे मी लहानपणापासून घरात पाहिलेलं, त्यामुळे चूक लगेच दिसली. पान घेऊन त्याच्याकडे गेलो.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"महिना."

"शाळा पंधरा दिवसांत उघडतायत, मास्तर. मुलं काय खांदे तपासत बसणार?"

त्याने पानावर इंग्रजीत 'छापा' लिहून सही केली.

पुस्तक छापून आल्यावर तिथल्या कायदेमंडळात बसणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी चित्र पाहिलं आणि सभागृहात प्रश्न आला. मी मागे बसलो होतो. तो म्हणाला, "परदेशी कर्मचाऱ्याला आपले रिवाज ठाऊक नव्हते. त्याला परत पाठवत आहोत." सहीचं पान माझ्या पेटीत होतं. ते काढलं असतं तर त्याचं मंत्रिपद गेलं असतं. मी काढलं नाही. निघताना भेटायला गेलो, तर शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत.

का परत पाठवलं ते घरी कळल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "रंगाऱ्याच्या पोराला उलटा ठसा दिसला नाही?" मी पान पुढे केलं. ते म्हणाले, "मला कुठे इंग्रजी येतं? तू वाचशील तेच खरं."

त्याच आठवड्यात मी पत्र टाकलं:

"मित्रा,
ते पान मी बाहेरच्या कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तुझं पद तुला लखलाभ. पण मला रिवाज ठाऊक नव्हते हे खोटं आहे, आणि ते तू मला तिथे बसलेलं पाहून बोललास. सभागृहात काही सांगू नकोस. माझ्या वडिलांना मात्र लिही, की तुमच्या मुलाने चूक दाखवली होती. दुसऱ्या कुणाकडून तरी ते वाचून घेतील. तुझ्या शब्दाशिवाय त्यांना पटणार नाही."