बस ड्रायव्हर

व्हर्लिन स्टकी आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी गावच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं चेंडू फेकून खेळी चालवणारा गडी, म्हणून खेळायचा. ओहायोत सावध खेळणाऱ्या क्वार्टरबॅकला 'बस ड्रायव्हर' म्हणून हिणवतात; याच्यासाठी तर वेगळं नाव शोधायचीही गरज पडली नाही. लांब फेकायचं नाही, चेंडू गमवायचा नाही आणि बाकीचं दांडग्या गड्यांवर सोडायचं, हा त्याचा खाक्या. "असल्यानं कप येत नसतो," असं न्हावी ऑर्विल त्याचे केस कापताना आठ वर्षं सांगत आला होता.

अंतिम सामन्यात चौदा-तेरा अशी एका गुणाची आघाडी होती, चेंडू व्हर्लिनकडे होता आणि दीड मिनिट उरलं होतं. समोरच्यांना आता घड्याळ थांबवता येणार नव्हतं.

"ए ड्रायव्हर, आता तरी लांब फेक की लेका!" ऑर्विल मैदानाच्या कठड्यावर बसून कोकलला.

व्हर्लिनचा हात क्षणभर शिवशिवला. पण हवेत गेलेला चेंडू कुणाचाही होतो, हे त्याला पाठ होतं. त्यानं चेंडू घेऊन गुडघा टेकला. तसं केलं की खेळी तिथंच संपते, घड्याळ मात्र पळत राहतं. त्यानं दुसऱ्यांदा टेकला, तिसऱ्यांदा टेकला आणि वेळ संपली.

कप काखेत मारून तो ऑर्विलसमोर आला. "काय म्हाताऱ्या, आला का कप?"

"आला, पण गुडघे घासत आणलास की रे!"

"बस वेळेवर पोचली ना? मग उतर खाली, तुझा थांबा आलाय."