अरूशी खेळायला माणूस

कुमुदताईंच्या घरी पहिला चहा मला हरल्यावर मिळाला.

यजमान बँकेत, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून उज्जैनला आलो होतो. फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत घर मिळालं. नळाला पाणी कधी येतं एवढंच विचारायला मी शेजारी गेले, तर ताईंनी मला चटईवर बसवलं, समोर एक जाड कापड पसरलं आणि माझ्या मुठीत नऊ चिंचोके दिले. कापडावर एकात एक असे तीन चौकोन होते, आणि त्यांच्या बाजू मधोमध आडव्या-उभ्या रेघांनी जोडलेल्या. पलीकडे इस्त्रीचा सदरा घातलेला, पन्नाशीचा एक माणूस नऊ पांढरे खडे घेऊन बसला होता.

"हा अरू, माझा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पहले एक बाजी, मग चहा."

खेळ होता नवकंकरी. दोघांनी आळीपाळीने एकेक कंकरी रेघांच्या सांध्यावर ठेवायची. तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. सगळ्या ठेवून झाल्या की रेघेवरून एकेक घर सरकायचं. ज्याच्याजवळ दोनच उरल्या, किंवा ज्याला हलायला वाट उरली नाही, तो हरला. मी लगेच चारी कोपरे धरायला निघाले.

"कोपरा म्हणजे गल्लीतलं आखिरी मकान," ताई म्हणाल्या. "चौकात बस. तिथून चारी बाजूंना रस्ते फुटतात. आणि रांग करायची इतकी घाई कशाला? त्याची कुठे होऊन राहिली आहे, ते बघ आधी."

मी बघेपर्यंत उशीर झाला होता. अरूने आपला एक खडा असा बसवला होता, की तो इकडे सरकला की एक रांग पुरी व्हायची आणि परत तिकडे सरकला की दुसरी. प्रत्येक खेपेला माझा एक चिंचोका जायचा. "गेलीस तू," म्हणत ताई चहा टाकायला उठल्या. अरू हसला नाही. त्याने बहिणीकडे पाहून नुसत्या भुवया उंचावल्या.

ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वडील रेल्वेत, त्यांच्याबरोबर हे कुटुंब इथे आलं. बहिऱ्या मुलांची शाळा तेव्हा दूरच्या शहरात होती, आणि हा काय शिकणार, असं म्हणून वडिलांनी विषय मिटवला. शाळकरी कुमुदने मग खडूने फरशीवर चौकोन काढले आणि भावाला समोर बसवलं. या खेळात बोलावं लागत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. तुझी पाळी, माझी पाळी, थांब, चूक, पुन्हा मांड, या पहिल्या खुणा. त्यांतूनच पुढे भूक, ताप, बाजार, आजचा राग आणि उद्याचा बेत सांगणाऱ्या खुणा तयार झाल्या. त्या दोघांखेरीज त्या कुणालाच नीट कळत नसत. लग्नाच्या गोष्टी आल्या, तेव्हा ताई फक्त एक विचारायच्या, "भावासकट?" मागणी घालणारे चहा पिऊन परत जायचे. हे सांगतानाही त्या हसायच्या. "अरे, ते तर एक बाजी खेळायलाही थांबले नाहीत."

अरूला जाणूनबुजून जिंकू दिलेलं मुळीच चालत नसे. समोरच्या घरातले जोशीकाका मायाळू. एकदा त्यांनी पुरी होणारी रांग सोडून भलतीकडेच चिंचोका सरकवला. अरूने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि सगळा डाव हाताने उधळून लावला. काका ओशाळले. ताई म्हणाल्या, "काका, पुण्य कमवायचं तर या गावात मंदिरं काय कमी आहेत? इथे त्याला हरवायला या."

मग ताईंचं पोट दुखायला लागलं. इंदूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. त्यानंतर त्या भैरवगढला गेल्या आणि तिथल्या ठसे उठवणाऱ्या कारागिराकडून नवकंकरीचे चौकोन छापलेली कापडं करून आणली. गल्लीतल्या घराघरात एकेक वाटलं. वार ठरवून दिले. सोमवारी जोशीकाका, मंगळवारी मी, बुधवारी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. ज्याला डाव जमेना त्याला त्या स्वतः घरी जाऊन शिकवत, एका हाताने पोट दाबून.

"ताई, एवढं कशाला करता?" मी विचारलं.

"आई-बाबा गेले तेव्हा त्याला मी होती. माझ्यामागे त्याला पूरा एक माणूस कुठून मिळणार? म्हणून थोडं थोडं सगळ्यांना शिकवून राहिली आहे. अच्छा खेळणारा समोर बसला की तो रमेल, बघशील."

शेवटी त्या खाटेवर पडून राहत आणि आम्ही खाली चटईवर अरूशी खेळत असू. आम्ही आता बरे खेळायला लागलो होतो. मी त्याला दोनदा हरवलंही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. प्रत्येक खडा ठेवला की अरू ताईंच्या तोंडाकडे पाहायचा. माझ्याकडे नाही. ताईंच्याही ते ध्यानात आलं असावं. एका दुपारी त्यांनी मुद्दाम भिंतीकडे कूस वळवली. अरू खडा हातात धरून बसून राहिला. मी खुणेने म्हटलं, तुझी पाळी. तो ताईंच्या पाठीकडे बघत राहिला. खूप वेळाने ताई भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हे नाही जमून राहिलं ग."

ताई इंदूरच्या दवाखान्यातच वारल्या. चुलतभावाचा मुलगा रवी, भला माणूस, त्याने सगळं निभावलं. अरू तिथे आवरणार नाही, असं म्हणून त्याला स्मशानात नेलं नाही. त्याला कुणी काही सांगितलंही नाही. सांगणार कसं? ताईंनी आम्हाला किती तरी खुणा शिकवल्या होत्या, ही शिकवली नव्हती.

आम्ही ठरलेल्या वारी जात राहिलो. अरू कापड पसरायचा, आपले खडे घ्यायचा, समोर चिंचोके मांडायचा. आमच्यापैकी कुणी चिंचोक्याला हात लावला की तो हात धरून बाजूला करायचा. रागाने नव्हे, पोराचा हात गरम भांड्यावरून काढावा तसा. जोशीकाका पहिल्या सोमवारी आले, दुसऱ्या सोमवारी आले नाहीत. शिंपीणबाई नुसती भाकरी देऊन जायच्या.

दहाव्या दिवशी मीच रवीला म्हटलं, याला राम घाटावर नेऊ या. वडिलांचे दिवस अरूने तिथेच केले होते. पाहून त्याला कळेल. रवीचं मुंडण झालं, पिंड मांडला गेला. अरू सगळं नीट बघत होता. मग त्याने गर्दीत एक नजर टाकली, माझ्याकडे वळला आणि बोट पिंडाकडे करून भुवया उंचावल्या. कुणाचा?

ताईंसाठी त्याची खूण होती दोन्ही डोळ्यांभोवती बोटांची कडी, त्यांच्या चष्म्याची. मी ती केली.

त्याने माझे दोन्ही हात धरून खाली आणले. मी पुन्हा केली. त्याने पुन्हा हात खाली आणले आणि या खेपेला ते सोडलेच नाहीत. पिंडाला कावळा शिवला तेव्हाही त्याने माझी मनगटं घट्ट धरलेली होती.

काही महिन्यांनी रवीने त्याला देवासजवळच्या एका आश्रमात ठेवलं. दुसरं तो तरी काय करणार? मी एकदा बसने जाऊन आले. तिथली बाई म्हणाली, "बहुत सीधे हैं. कुछ नहीं माँगते. किसी को तंग नहीं करते." अरू व्हरांड्यात बाकावर बसला होता, सदरा स्वच्छ, दाढी केलेली. मी समोर बसले. जेवलास का, विचारलं. बरा आहेस का, विचारलं. ताईंनी शिकवलेली येत होती नव्हती ती प्रत्येक खूण केली. तो माझे हात बघत होता, सगळं कळत असल्यासारखा. त्याचे हात मांडीवर होते. मी निघेपर्यंत त्याने ते उचलले नाहीत.