नारळ द्यायचा राहिला

आधीच सांगते, असलं काही लिहिणं माझ्या स्वभावात नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. पुन्हा करून दाखवता येत नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं ऑफिसात लोकांना ऐकवणारी बाई. नवऱ्याच्या गावाकडच्या भुताखेतांना मी आजवर फक्त हसत आले. तरी लिहितेय, कारण मंदारशी – म्हणजे नवऱ्याशी – या विषयावर आता बोलताच येत नाही.

आम्ही कॅनडात विनिपेगला असतो. मुलगा ओजस, चार वर्षांचा. तान्हा असल्यापासून त्याला दम्याचा त्रास. थंडी पडली की छातीतून शिट्टी सुरू... मग पफर, म्हणजे इनहेलर, मग इमर्जन्सीत ताटकळणं. गेल्या सप्टेंबरात सासूबाई मालवणहून आल्या होत्या. शहरापासून दोनेक तासांवरच्या जंगलात डेन्मार्कच्या लोककथांमधले ट्रोल नावाचे राक्षस लपवून ठेवलेत – जुन्या फळ्या ठोकून केलेले अवाढव्य लाकडी पुतळे. पाटी नाही, बाण नाही, आपलं आपण शोधायचं. एका शनिवारी गेलो.

बर्चच्या झाडांमागे एक सापडला. घराएवढा उंच, पोट सुटलेलं, फांद्यांची दाढी, एक तळहात जमिनीलगत उघडा. फोटोसाठी मी ओजसला त्या हातावर बसवलं. मागे वळून बघते तर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चपला काढलेल्या.

"अगो, हो तर राखणदार!"

त्यांच्या गावात सतत आजारी पडणारं मूल राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, पायाशी घालतात. आता हे तुझं, असं म्हणायचं, आणि लगेच नारळ देऊन परत मागून घ्यायचं. मूल देवाचं, आपण नुसतं सांभाळायचं, मग दुखणं त्याच्या वाटेला जात नाही म्हणे. आई हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागल्या. "बा राखणदारा, ह्यां पोर आजपासून तुझां..."

मंदारला चेष्टेची लहर आली. गावात सगळे मिळून देतात तसा त्याने खणखणीत आवाजात होकार दिला, "व्हय म्हाराजा!"

आणि मग आईंच्या लक्षात आलं, की नारळच नाही. घरी होतं ते फ्रोझन खोवलेलं खोबरं. त्या पार कावऱ्याबावऱ्या झाल्या. "नको उचलू रे त्याला, थांब!" पण पाऊस भुरभुरायला लागला होता. मंदारने ओजसला उचललं आणि चालायला लागला.

वाटेत कुत्रा फिरवणारी एक म्हातारी भेटली. ओजसला तिने त्या हातावर बसलेलं पाहिलं होतं. हसत म्हणाली, "माय डेनिश ग्रँडमा वुड बी सो मॅड! ट्रोल्स कीप युअर चाइल्ड अँड गिव्ह यू वन ऑफ देअर्स." तुमचं मूल ठेवून घेतात आणि त्यांचं देतात. आईंनी विचारलं, काय म्हणाली गो ती? मंदार म्हणाला, काही नाही, हवा छान आहे म्हणते.

त्या हिवाळ्यात ओजसला एकदाही पफर लागला नाही. आई परत गेल्या, उणे तीसची थंडी आली, पोरगा बर्फात लोळला, साधा खोकलाही नाही. मी आनंदाने रडले. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचा दमा वाढत्या वयात जातो.

पण तो मला मम्मा म्हणेनासा झाला. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचा, "मे आय?" ताट उचललं की "थँक यू". पाहुण्यांच्या घरी वागावं तसं. पडला तरी माझ्याकडे धावत यायचा नाही. एकदा मोजे चढवताना शांतपणे म्हणाला, "व्हेन आर दे कमिंग टू गेट मी?"

कोण? कोण येणार? असं मी खूप विचारलं. त्याने दुसरा पाय पुढे केला. आईंना फोनवर सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या. "नारळ दी गो बाय, आधी नारळ दी."

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर इंडियन ग्रोसरीतून शेंडीचा नारळ आणला आणि आम्ही तिघं पुन्हा त्या पुतळ्यापाशी गेलो. ओजस माझ्या कडेवर होता. मला फार खुळ्यासारखं वाटत होतं. मी नारळ त्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, आमचं लेकरू परत दे.

ओजसच्या छातीतून शिट्टी वाजली.

गेल्या वर्षीचीच, मला झोपेतही ओळखू येणारी. ओठ निळसर पडायला लागले. त्याने दोन्ही हातांनी माझ्या गळ्याला मिठी मारली, नखं रुतेपर्यंत, आणि म्हणाला, "मम्मा... मम्मा..."

पफर गाडीत राहिला होता. मंदार ओरडला, "उचल तो नारळ!" आणि मी हलायच्या आत त्यानेच झडप घालून तो उचलला.

शिट्टी थांबली. माझ्या गळ्याभोवतीचे हात सैल पडले. ओजसने नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आर वी गोइंग बॅक टू युअर हाउस?"

परागकणांमुळे झालं असेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. असेलही. मला याचा उलगडा तेव्हा झाला नाही, अजूनही नाही. मंदार म्हणतो, पोरगा जिवंत आहे, धडधाकट आहे, आता तिकडे फिरकायचं नाही. त्याचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात मला हाक मारणारा माझा ओजस होता, आणि त्याला श्वास घेता येत नव्हता, आणि आम्ही त्याला तिथेच सोडून आलो.