बाबांच्या तीन फरश्या

माझ्या नव्या स्वयंपाकघराची फरशी बाबाच बसवणार, हे घर घेण्याआधीच ठरलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरांतून गुडघ्यांवर फिरलेला माणूस. पोरीच्या घरात दुसऱ्याची थापी चालली असती तर त्यांना जन्मभर सलत राहिलं असतं. त्यासाठी आई-बाबा दोघं माझ्याकडे मुक्कामाला आले, आणि नेमकी बाबांच्या कमरेतली गादी सरकली. कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. गोळ्या झाल्या, शेक झाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मणक्यापाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "वाकायचं नाही, काही उचलायचं नाही."

बाबा टेबलावरून उतरले ते दुखणं तिथेच ठेवून. संध्याकाळी आमची नजर चुकवून तीन फरश्या बसवूनही मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मात्र कूस बदलता येईना.

"काल बरं वाटलं ते सोबतच्या बधिर करायच्या औषधानं, काका," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "स्टिरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवस पडून राहा, मग हळूहळू चाला."

बाबांनी सतरंजी स्वयंपाकघराच्या दारातच घालून घेतली. आईने आजवर त्यांना सिमेंटचा माल कालवून दिला होता. थापी त्यांनी तिच्या हाती कधी दिली नव्हती. आता इलाजच नव्हता. पडल्या पडल्या त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"अगं, माल जास्त झाला. कोपरा ठोक."

"तुम्ही गप्प पडा हो," आई म्हणायची, आणि कोपरा ठोकायची.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गाल जमिनीला टेकवला आणि एक डोळा मिटला. इतक्या खालून त्यांनी आपलं काम कधी पाहिलंच नव्हतं.

"तीन फरश्या वर आल्यात," ते म्हणाले. आईचा चेहरा पडला.

"तुझ्या नव्हेत. माझ्या. काढ त्या."

आईने त्या काढल्या आणि पुन्हा बसवल्या. बाबा एक शब्द बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत बसून स्वतःचे मोजे स्वतः घालताना मला दिसले. इतके दिवस ते मी घालत होते. चेहऱ्यावर कळेचा मागमूस नव्हता. मला भरून आलं.

"आईला सांगते," मी म्हणाले.

"थांब जरा. तिच्या दोन ओळी राहिल्यात. मी बरा झालोय कळलं तर थापी माझ्या हातात देईल."

आईची चाहूल लागली तसे बाबा मोज्यांसकट सतरंजीवर आडवे झाले आणि कण्हायला लागले.