माळावरचा डबा

अनोळखी लोकांनी कुठेकुठे लपवून ठेवलेले डबे फोनवरच्या नकाशावरून शोधायचा मला नाद आहे. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, एवढाच नियम. त्या माळावर गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि डबा दगडांच्या ढिगात होता. मी त्यातलं पितळी घुंगरू घेतलं, बाबांच्या स्कूटरची किल्ली ठेवली. बाबा गेले, स्कूटर विकली, किल्ली उगाच खिशात राहिली होती.

मेंढरांमागून येणारी एक बाई माझ्या हातातलं घुंगरू पाहून थबकली.

"घुंगरू माघारी ठेवा, दादा. आमची मेंढी हरवली, घुंगरू तेवढं गावलं. हितं ठेवलं, की ज्याचं त्यो न्यायला येतो."

मी ते परत ठेवलं.

"तुमी काय ठेवलं?"

मी डब्यातल्या किल्लीकडे पाहिलं. ती परत उचलायला हात धजावला नाही. आपण वस्तू टाकून देत नाही, ठेवून येतो, ते नेमकं कुणासाठी?

परतताना वारा पडला होता, तरी मागच्या गवतात सळसळ होती, कुणी चालत यावं तशी. मी वळून पाहिलं नाही, फक्त चाल हळू केली. बाबांना शेवटी शेवटी भरभर चालवत नसे.