समुद्राकाठची चाकांवरची घरं

पार्टीत कोणी "तुमचं ते आरव्ही पार्क कसं होतं हो?" असं विचारलं की माझी पंचाईत होते. सात वर्षांत इतके किस्से साठले, की एक सांगायला जावं तर त्याची शेपटी धरून दुसरा बाहेर येतो. तोवर पानातलं गार!

२००१ साली माझ्या नवऱ्यानं, अरविंदनं, नोकरी सोडून टेक्सासच्या किनाऱ्यावर आरव्ही पार्क घेतलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत बेड, किचन, बाथरूम, सगळं. लोक ते घेऊन समुद्राकाठी येणार, आम्ही त्यांना जागा, पाणी आणि वीज देणार. शुगर लँड गावातलं आमचं घर तसंच ठेवलं आणि पार्कच्या ऑफिसमागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो.

सांगलीला सासूबाईंना फोन केला, "आई, आम्ही पार्क घेतलं!"

त्यांनी गल्लीभर सांगितलं, मुलानं अमेरिकेत बाग घेतली. पुढच्या फोनवर विचारतात, "झाडं किती आहेत रे?"

"एक. पामचं."

"एका झाडाची बाग? अरे, फसवलं तुला!"

*

पहिलं गिऱ्हाईक अर्ल. सत्तरीचा, रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, एकटाच. अरविंदनं जन्मभर तेलाच्या पाइपलाइन डिझाइन केलेल्या. त्यानं अर्लला उन्हात उभं करून सांडपाण्याचा पाइप कसा जोडायचा, यावर पंधरा मिनिटं लेक्चर दिलं. ड्रॉइंगसकट!

अर्लनं टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, एकच शंका. तुमच्या हातात आहे तो पिण्याच्या पाण्याचा पाइप ना?"

अर्ल तीन दिवसांसाठी आला होता. तो गेलाच नाही.

*

एका लाँग वीकेंडला शुगर लँडची आमची मंडळी आली. त्यातल्या माझ्या मैत्रिणीनं, शोभानं, भाड्याच्या आरव्हीत वरणाचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि शेजारचा माणूस "गॅस लीक!" म्हणून ओरडत पळाला. त्याच्यामागे सगळं पार्क बीचवर! एक बाई तर डोक्याला शॅम्पू तसाच ठेवून.

शोभा दारात आली आणि हात हलवून ओरडली, "डोन्ट वरी! टू मोअर!"

लोक आणखी लांब पळाले.

*

मग सासूबाई आल्या. बाग बघायला.

आरव्ही जागेवर लावणं म्हणजे नवराबायकोची परीक्षा. नवरा रिव्हर्स घेतो, बायको मागून हात करते, आणि थोड्या वेळानं दोघं वकिलाचा नंबर शोधतात. असंच एक जोडपं अर्धा तास भांडत होतं. शेवटी बाई रडकुंडीला येऊन बाजूला बसली.

सासूबाई पदर खोचून गाडीमागे गेल्या. आयुष्य एसटी स्टँडसमोर गेलेलं. गाडीच्या पाठीवर थाप मारून सुरू : "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडं... बाऽस!"

गाडी रेघेत! इंग्रजीचा एक शब्द नाही.

पुढच्या सीझनला फोनवर लोक विचारायला लागले, "ती येऊदे लेडी आहे ना अजून?"

*

२००८ साली मोठं वादळ यायचं ठरलं. किनारा रिकामा करायचा हुकूम निघाला. सगळ्या गाड्या गेल्या. अर्ल मात्र खुर्ची टाकून बसलेला.

"हे माझं घर आहे. घर सोडून कुठं जाऊ?"

अरविंदनं समजावलं, मी रडले. काही उपयोग नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या आमच्या गाडीतून उतरल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "विचार त्याला, मग घराला चाकं कशाला लावलीत?"

मी इंग्रजीत विचारलं. अर्ल हसला आणि टायरमध्ये हवा भरायला उठला. नंतर तीन आठवडे त्याचं घर शुगर लँडला आमच्या ड्राइव्हवेत उभं होतं.

*

परत जायची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही पुढे, अर्ल मागे.

पार्क नव्हतंच. ऑफिस नाही, कुंपण नाही, आमच्या दोन खोल्या नाहीत. नुसती ओली वाळू, समुद्रापर्यंत. ऑफिसचा सिमेंटचा चौथरा तेवढा उरलेला. अरविंद त्यावर जाऊन उभा राहिला.

अर्ल गाडीतून उतरला. चालत चौथऱ्यापाशी आला, जिथं दार होतं तिथं थांबला, बूट झटकले, टोपी काढली.

"गुड मॉर्निंग सर. एक जागा मिळेल का? समुद्राच्या बाजूची?"

अरविंदनं त्या मोकळ्या मैदानावरून सावकाश नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घसा साफ करून म्हणाला,

"रिझर्व्हेशन आहे का?"